ढिम्मीचा उजवा खांदा

नेमबाजीच्या क्लबात तिला सगळे ढिम्मी म्हणायचे. पिस्तूल धरलेला उजवा हात एकदा समोर केला की तो ढिम्म हलायचा नाही, म्हणून. दिवसभर कारखान्यात चष्म्याच्या काचा घासायच्या आणि संध्याकाळी क्लबात जायचं, यापलीकडे तिला जग नव्हतं. लग्नाचा विषय निघाला की वहिनीला म्हणायची, "आधी माझी संघात निवड होऊ दे, मग नवऱ्याची करू."

खांदा दुखायला लागला तेव्हा तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. गोळ्या घेत राहिली. पण वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जाईना, तेव्हा वहिनीसमोर बिंग फुटलं आणि दादा तिला जवळजवळ ओढतच फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेला.

हात वर केला की तिच्या पाठीवरचं फऱ्याचं हाड पंखासारखं बाहेर यायचं. बाईंनी ते बोटांनी चाचपलं.

"खांदा सावरणारे स्नायू थकलेत. तीन महिने पिस्तुलाला हात लावायचा नाही. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधा, कोपर अंगाशी ठेवा आणि हळू ओढा. मग भिंतीला हात टेकून जोर काढा. दुखलं की थांबायचं."

"निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे."

"पुढच्या वर्षी द्या."

"पस्तिशी उलटलीय माझी. पुढच्या वर्षी मला कोण पाठवणार?"

बाईंनी सांगितलेलं ती करायला लागली, पण दुप्पट, तिप्पट. जेवणाच्या सुट्टीतही कारखान्याच्या दाराला पट्टा बांधून ओढत बसायची. जास्त ओढलं तर लवकर बरं होईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. दुखलं तरी थांबली नाही. खांदा आणखी धरला. चाचणीच्या आदल्या दिवशी तिने दुसऱ्याच डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घेतलं. घरी कुणाला कळलं नाही.

चाचणीत पिस्तुलाच्या सुरुवातीच्या गोळ्या काळ्या वर्तुळात बसल्या. मागे बसलेल्या दादाने शेजारच्याला कोपराने ढोसलं. मग खांद्यात काहीतरी कट्कन झालं. तिने पुन्हा हात उचलला. तो कमरेच्या वर येईना. डाव्या हाताचा आधार देणं नियमात बसत नव्हतं. वेळ संपत चालली होती. तिने दात आवळून झटका दिला, हात वर गेला, गोळी कागदाच्या पांढऱ्या कडेला लागली. मग तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"दादा, हात उचलत नाही रे," एवढंच म्हणाली.

तपासणीत दिसलं, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला चीर पडली होती. घरी येऊन तिने पट्टा खिडकीतून भिरकावला. वहिनी खाली जाऊन तो घेऊन आली, धुऊन वाळत घातला. "तूच ओढ आता," ढिम्मी तिच्यावर खेकसली आणि मग तिच्याच कुशीत तोंड खुपसून रडली.

क्लबाने तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली. व्यायाम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आता बाईंच्या समोर बसून, त्या म्हणतील तेवढेच. हिवाळा सरता सरता हात खांद्याच्या रेषेत आला. रिकामाच, तरी थरथरत होता.

"आधीसारखा होईल का?" तिने विचारलं.

"रोजच्या कामाला नक्की होईल."

"रोजच्या कामाचं नाही विचारलं मी."

बाईंनी तिचं कोपर अंगाशी सरकवलं आणि पट्टा हातात दिला. तिने तो हळूहळू ओढला.