किल्ली आज कोणाकडे

मी पांढुर्णा सोडलं त्या दिवशी आमच्या घराची पाळी होती. दिल्लीकडे जाणारी गाडी दुपारची. आई, बहीण, सौसरचे मामा असे सगळे स्टेशनवर दोन तास आधीच येऊन बसले होते. बाबा तेवढे नव्हते. गाडीला सहा मिनिटं उरली तेव्हा ते फलाटावर आले. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर धूळ होती. अमेरिकेला निघालेल्या पोराला बाप आता काहीतरी मोठं सांगेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "वाचनालय झाडून आलो, माठ भरून आलो, पेपर लावून आलो. आजची झाली. पुढची तुझी राहिली."

मी हसलो. याला एकवीस वर्षं झाली.

तुमच्यातल्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, जुन्या लोकांना पाळी सांगायला नको, पण माझ्यासारख्या निघून गेलेल्यांच्या मुलांना ती माहीत नाही, म्हणून लिहितो. आमच्या वस्तीत विहाराला लागून एक खोली होती, अठरा फूट बाय बारा, वर टिनाचं छप्पर. आत दोन बाकं, एक टेबल आणि तीनशे अकरा पुस्तकं. वस्तीत घरं बेचाळीस. रोज एका घराची पाळी. सकाळी झाडायचं, पाणी भरायचं, बसस्टँडवरून एक मराठी आणि एक हिंदी पेपर आणायचा, संध्याकाळी पुस्तकं मोजून कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारच्या घरी नेऊन द्यायची. म्हणजे एका घराला वर्षातून आठ किंवा नऊ वेळा हे काम यायचं. माणसं संत्र्याच्या तोडणीवर गेली असली तर घरातली म्हातारी करायची. बाबा नगरपालिकेच्या पंपावर होते. ते रजा टाकायचे, पण पाळी चुकवायचे नाहीत. त्या खोलीत अभ्यास करून वस्तीतले तीन पटवारी झाले, पाच पोलिसात गेले, दोघी शिक्षिका झाल्या, आणि मी इथे आलो. 'किल्ली आज कोणाकडे?' असं कोणालाही विचारलं तरी तो लगेच घर दाखवायचा.

इथे म्हणजे पेन्सिल्व्हेनियातलं नदीकाठचं एक लहान शहर. पोलादाचा कारखाना केव्हाच बंद पडला, पण मालकाचं नाव जागोजागी आहे. दवाखान्यावर, शाळेच्या सभागृहावर, पोहण्याच्या तलावावर, आणि ग्रंथालयाच्या कमानीवर तर दगडात कोरलेलं, एकेक अक्षर हातभर. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मी खिडक्या मोजल्या. चौसष्ट. एका माणसाने गावाला एवढं द्यावं, हे मला फार मोठं वाटलं. पुढे सॉफ्टवेअरचं कंत्राट संपलं आणि त्याच ग्रंथालयाच्या कार्यालयात मला आकडेवारीचं काम मिळालं. दारातून किती माणसं आत आली, किती पुस्तकं घरी गेली, कॉम्प्युटर किती तास चालले. माझी मुलगी वाचायला शिकली ती तिथल्याच लहान मुलांच्या खोलीत. त्या मालकाबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही.

डोरिस नावाची एक म्हातारी तिथे रोज यायची. तिचे आजोबा त्याच कारखान्यात भट्टीवर होते. ती म्हणायची, "बारा बारा तास काम. पुस्तकं त्याने दिली, ती वाचायला वेळ मात्र दिला नाही." मी ते हसण्यावारी न्यायचो. माझ्या मनात तेव्हा दुसरंच होतं. मलाही आमच्या वस्तीसाठी तसंच काहीतरी करायचं होतं.

नऊ वर्षांपूर्वी केलं. टिनाची खोली पाडून तीन खोल्यांची पक्की इमारत बांधली, सहा पंखे, चार कॉम्प्युटर, आणि झाडायला, पाणी भरायला, कुलूप लावायला एक पगारी माणूस. दारावर संगमरवरी पाटी, तिच्यावर बाबांचं नाव. बाबा फोनवर म्हणाले, "नाव कायले लावून राहिला? अन् पाळीचं काय?" मी म्हणालो, "बाबा, तुमचे गुडघे दुखतात. आता कोणाला झाडायची गरज नाही." ते म्हणाले, "तुले समजलं नाही. ठीक आहे, बांध."

मी निघाल्यापासून त्या दिवसापर्यंतच्या बारा वर्षांत आमच्या घराची पाळी एकशे चार वेळा आली होती. सगळ्या त्यांनीच केल्या होत्या. माझं काम ते करून राहिले आहेत, हे मी कधी मोजलं नव्हतं.

इमारतीनंतर चार वर्षांनी बाबा गेले. आई बहिणीकडे नागपूरला गेली. पगारी माणूस बोरगावच्या कारखान्यात लागला, त्याच्या जागी दुसरा मिळाला नाही. माझा बालमित्र सुधाकर तिथेच राहतो. दर रविवारी आमचं बोलणं होतं. मी त्याला म्हणालो, जुनी पाळी पुन्हा लाव. तो म्हणाला, "कोन येते झाडाले राजा? संगमरवरात नाव तुमच्या बाबाचं, अन् झाडू आमच्या हातात? लोक तोंडावर म्हणत नाहीत, मी म्हणून राहिलो." मला राग आला. दोन रविवार मी त्याला फोन केला नाही.

या वर्षी मार्चमध्ये इथल्या मालकाच्या वारसांच्या ट्रस्टने कळवलं की यापुढे त्यांची मदत दुसऱ्या विषयांना जाईल. आमच्या शहरातलं ग्रंथालय ठेवायचं की नाही हे ठरवायला आकडे मागवले गेले. ते मीच काढले, तीनदा तपासले, एकही चूक नव्हती. ग्रंथालय बंद झालं. शेवटच्या सभेला सत्तावन्न माणसं आली. एकामागून एक उठून सगळ्यांनी एकच विचारलं, आता दुसरं कोण देईल? आपण काय करू शकतो, हे कोणीच विचारलं नाही. सभा संपल्यावर डोरिस आणि मी खुर्च्या उचलत होतो. ती म्हणाली, "आम्ही हे कधी सांभाळलंच नाही. आम्हाला फक्त आत यायचं माहीत होतं."

हातात खुर्ची धरून मी तसाच उभा राहिलो. बाबांनी जे समजलं नाही म्हटलं होतं, ते समजायला मला नऊ वर्षं आणि एक परकं गाव लागलं.

नोव्हेंबरमध्ये मी पांढुर्ण्याला जाऊन आलो. गाव आता जिल्ह्याचं ठिकाण झालंय, स्टेशनबाहेर संत्र्यांचे ढीग मात्र तसेच आहेत. वाचनालयाला कुलूप होतं. काचेतून पाहिलं तर बाबांच्या अक्षरातलं रजिस्टर टेबलावर होतं, आणि त्याच्यावर धूळ. मी चार घरी जाऊन विचारलं, किल्ली कोणाकडे आहे? कोणालाच माहीत नव्हतं. सुधाकर म्हणाला, वाचनालयाच्या समितीचा सचिव छिंदवाड्याला राहायला गेला, त्याच्याकडे असेल. सचिवाने फोन उचलला नाही.

शेवटी शेजारून झाडू मागून मी नुसता ओटा झाडला. अर्धा तास लागला. रस्त्याने जाणारी एक बाई थांबली. मला ओळखत नव्हती. म्हणाली, "भाऊ, फोटो काढून राहिले का?" मी नाही म्हणालो. तिने इकडेतिकडे कॅमेरा शोधला आणि गेली. सुधाकर समोरच्या ओट्यावर बसून पाहत होता. तो मदतीला उठला नाही, आणि उठ असं मीही म्हणालो नाही.

तुमच्यापैकी जे तिथे आहेत त्यांना माझं एकच सांगणं आहे. पाटी काढायची असेल तर काढा, बाबांना ती नकोच होती. सचिवाकडून किल्ली आणा, नाहीतर कुलूप तोडा. बेचाळीस घरं नसतील, सहाच असतील, तर पाळी दर सहाव्या दिवशी येईल. त्यात आमचं घर धरता येणार नाही, कारण तिथे आता भाडेकरू राहतात आणि मी बारा हजार किलोमीटरवर आहे. त्या खोलीला नाव दिल्यापासून आमच्या घरावर अठ्ठ्याहत्तर पाळ्या चढल्या आहेत. त्या फेडायची रीत मला सापडत नाही.

इथे लोक विचारतात, तुमचं घर कुठे? मी इथला पत्ता सांगतो, तोच बरोबर आहे. पण त्या दिवशी ओटा झाडून झाल्यावर मी झाडू परत केला आणि पाळी झाल्यावर वळायचे तसे पाय आपोआप आमच्या घराशेजारच्या दाराकडे वळले. दार उघडं होतं. आत एक म्हातारी तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि सवयीने हात पुढे केला. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं.