भिंगवाली आणि तिची सवत

भिंगवालीशी भांडायला लोक घाबरायचे, आणि घाबरावंच. लॅबमध्ये खिडकीजवळ तिचं टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, त्यावर वाकून वाकून पाठीला आलेला पोक, आणि जीभ अशी की सुरीनं तिच्याकडून धार लावून घ्यावी. लघवी तपासण्यात उभी नोकरी गेली. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "हसा, हसा. अख्ख्या गावाचं पाणी जोखलंय मी."

तर तिच्या शेजारच्या टेबलावर एक दिवस मशीन येऊन बसलं. बाटलीतलं थोडं पाणी आत ओढायचं, त्यातल्या कणाकणाचे फोटो काढायचं आणि कुठल्या पेशी किती ते पडद्यावर लिहून मोकळं. कानामागून आली आणि तिखट झाली! भिंगवालीनं त्याच दिवशी तिचं नाव 'सवत' ठेवलं, आणि 'ते मशीन' लॅबभर 'ती' झालं.

लॅबचे मालक डॉक्टर. माणूस वाईट नाही, पण भारी घाईचा. म्हणाले, "बाई, काही दिवस तुमचे आणि मशीनचे निकाल ताडून बघू. जुळले की सूक्ष्मदर्शक काढू. तुम्ही बाहेर काउंटरवर बसा, बाटल्या घ्या. तेवढाच आराम."

"आराम घरी करतात, डॉक्टर. मी इथून हलायची नाही."

निकाल जुळू लागले, हीच तर पंचाईत! तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बहुतेक सगळं सारखंच यायचं. एका नमुन्यात तर तिनं 'पांढऱ्या पेशी तुरळक' लिहिलं आणि सवतीनं भरपूर मोजल्या. डॉक्टरांनी फोटो दाखवले. भिंगवालीनं पुन्हा स्लाइड लावली, सावकाश सगळीकडे फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकलं माझं. घाई केली." भांडायचीही याच आवाजात. पण त्या दिवशी तिचा डबा तसाच परत गेला.

आणि नेमकी त्याच दिवशी तिची नणंद सकाळी बाटली देऊन गेली होती. धाकटी नणंद, घरात लाडकी. काही दिवसांपासून सकाळी तिचा चेहरा सुजलेला असायचा, घोट्यावर मोज्यांचे वळ उठायचे. "जाड झालेय गं वहिनी, दुसरं काय," असं म्हणून हसायची. भिंगवालीनं बाटली हातात पडताच थोडं पाणी नळीत घालून यंत्रात गरगर फिरवून घेतलं, तळाचा साका स्लाइडवर ठेवला आणि भिंगाला डोळा लावला. तांबड्या पेशी होत्या. त्यांच्यात एक लांबट, गोल टोकांचा तुकडा, आत तांबड्या पेशी ठासून भरलेल्या. मूत्रपिंडाच्या बारीक नळीत पेशी अडकल्या की नळीच्याच आकाराचा असा साचा तयार होतो. रक्त मूत्रपिंडातूनच येतंय, असा त्याचा अर्थ.

उरलेली बाटली काउंटरवरच्या ट्रेमध्ये गेली. ट्रे भरल्याशिवाय मशीन चालवायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम. एकेका बाटलीपायी रसायन कोण वाया घालवणार? ट्रे भरला दुपारी, आणि सवतीनं निकाल दिला: पेशी नाहीत, साचे नाहीत, सगळं स्वच्छ.

"खोटारडी!" भिंगवाली कडाडली.

डॉक्टर सूक्ष्मदर्शकापाशी आले, पण सकाळची स्लाइड केव्हाच वाळून गेली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, घरचं माणूस आहे. मन चिंती ते वैरी न चिंती. आणि आजच एकदा तुमची नजर चुकलीय."

असं लागलं म्हणता! तिनं निकालाचा कागद ओढून घेतला. त्यावर पाण्यात बुडवून बघायच्या रसायनाच्या पट्टीचाही निकाल होता: रक्ताचा ठिपका हिरवागार. म्हणजे रक्त आहे आणि पेशी नाहीत? अहो, मग पेशी गेल्या कुठं? बाटली सकाळपासून काउंटरवर उकडत पडली होती. पेशी फुटल्या, साचे विरघळले. सवत बिचारी काय करणार? तिच्यापुढं शिळं वाढलं, तिनं शिळ्याचीच चव सांगितली.

दुसऱ्या दिवशी भिंगवालीनं नणंदेला हाताला धरून लॅबमध्ये आणलं.

"वहिनी, पुन्हा? काल दिली की!"

"पुन्हा. आणि चटकन."

ताजी, कोमट बाटली घेऊन ती सरळ सवतीपुढं गेली आणि एकट्या बाटलीसाठी बटण दाबलं.

डॉक्टर धावत आले. "अहो बाई, ट्रे कुठंय? नियम काय आहे?"

"नियम गेला खड्ड्यात. पडदा बघा."

पडद्यावर तांबड्या पेशी उमटल्या, आणि खाली एका लांबट तुकड्याचा फोटो: 'ओळख पटत नाही. नजरेनं तपासा.' तोवर भिंगवालीनं उरलेल्या पाण्याची स्लाइड भिंगाखाली लावली होती. "या. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

डॉक्टर बराच वेळ वाकून राहिले. मग फोन उचलला आणि मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांकडे नणंदेची त्याच दिवसाची वेळ घेतली. नणंद वहिनीचा पदर धरून उभी होती. भिंगवाली तिला म्हणाली, "रडायचं नाही. वेळेवर सापडलंय." आणि स्वतःच रडली, भर लॅबमध्ये.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मशीन बरोबर होतं."

"होतीच ती बरोबर! काल बाटलीच शिळी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. मीही तेच करत होते."

"मग सूक्ष्मदर्शक..."

"डॉक्टर, ती म्हणते नजरेनं तपासा. कशानं तपासू? चष्म्यानं?" डोळे पुसून तिनं सूक्ष्मदर्शक कवेत उचलला. "मला काउंटरवरच बसवायचं होतं ना? बसते. बाटल्या शिळ्या होतात त्या तिथंच. पण हा माझ्याबरोबर येईल, आणि मागून सवतही येईल. ट्रेची वाट कुणी बघायची नाही."

डॉक्टरांनी मशीन सरकवायला माणसं बोलावली.

नणंदेचे उपचार लांबले, पण सूज उतरली. घोट्यावर मोज्यांचे वळ उठत नाहीत आता.

काउंटरवर परवा एक गृहस्थ आले. बाटली पुढं करून म्हणाले, "रात्रीची आहे, पण चालेल ना? मशीनच तर बघणार."

भिंगवालीनं बाटली परत त्यांच्या हातात दिली. "मला एक वेळ चालेल हो. पण माझ्या सवतीला कुणी शिळं वाढलेलं मला खपत नाही."