मारुतीराया, त्याले सांग

आमच्या गल्लीतल्या मारुतीची मूळ मूर्ती केवढी होती, हे आता कुणालाच सांगता येत नाही. वर्षानुवर्षं शेंदराचे हात बसत गेले, थरावर थर चढले, आणि मारुतीचे खांदे पार भिंतीला जाऊन टेकले. या देवळातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. धुळ्याला देवपुरात सून म्हणून आले, त्याला अजून वर्ष व्हायचंय. त्यातून मी कमी बोलणारी. पण न बोलणाऱ्या माणसासमोर लोक जरा जास्तच मोकळे होतात. त्यामुळे माझ्याकडचा साठा बघता बघता वाढलाय!

* * *

पहिला किस्सा माझ्यावरचाच.

जळगावहून वरात आली आणि गाडीतून उतरवून आम्हाला थेट देवळात नेलं. नवी जोडी आधी मारुतीच्या पाया पडणार, मग घरात माप ओलांडणार, अशी इथली रीत. तिथे अक्का उभ्या होत्या. देवळाला लागूनच त्यांचं घर. ऐंशी कधीच ओलांडलेली, पण सकाळची झाडलोट आणि वाती अजून त्यांच्याकडेच.

"नाव घे," त्यांनी हुकूम सोडला. "देवाला कळू दे कोणाची सून आली ती."

मी उखाणा घेतला. म्हणजे मला तरी वाटलं की घेतला. माझा नवरा निखिल खांद्याला खांदा लावून उभा होता, त्यालाही ऐकू गेला नाही.

अक्कांनी माझ्या हनुवटीला हात लावला. "बेटा, हा मारुती बालब्रह्मचारी शे. बायकांचं हळू बोलणं ऐकायची सवय त्याला नाही. जोरात!"

* * *

आता मुख्य दोन माणसं.

आबा म्हणजे माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर. समोरच्या घरातले नाना म्हणजे निवृत्त एसटी ड्रायव्हर. दोघं एकाच खेड्यातले, एकाच बाकावरचे. आबा घरात क्रमिक पुस्तकासारखं बोलतात. "सूनबाई, चहा झाला असल्यास आणावा." पण नाना समोर आले की हेडमास्तर गायब! नुसती अहिराणी. "काय रे, कोठे मरी गयथा?" हे आबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं होतं, कोण आलं म्हणून.

थंडीत देवळातली पितळी समई चोरीला गेली. आबांनी जाळीचं दार बसवलं, वर कुलूप. पहाटे उघडायचं, दुपारी बंद. संध्याकाळी उघडायचं, रात्री बंद. नाना खवळले.

"ज्याले येळ-अवेळ रडानं व्हई, त्यानी काय टाइमटेबल देखीसन रडानं? शाळा शे का ही?"

"समई देवाची होती, नाना."

"मंग देव देखी ली ना! जोवर कुलूप, तोवर मी बाहेर!"

आणि खरंच बाहेर! त्या दिवसापासून दार सताड उघडं असलं तरी नाना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. पायरीखाली उभं राहून हात जोडायचे. आबांशी बोलणं बंद, संध्याकाळचा चहा बंद. आबा वर्तमानपत्र दोनदा वाचायचे आणि लवकर झोपायचे.

"काल झोपेत अहिराणी बोलत होते," सासूबाईंनी मला भाकरी थापता थापता सांगितलं. "जाग आली की परत हेडमास्तर!"

* * *

बोलणं बंद म्हणजे एकमेकांशी बंद. मारुतीशी दोघांचंही चालू होतं.

आबा आत, नाना पायरीखाली. नाना हात जोडून म्हणायचे, "मारुतीराया, त्याले सांग, त्यानी स्कूटर मना दारसमोर आडवी लावेल शे."

आबा मागे न वळता, "मारुतीराया, या गृहस्थांना कळवावे, की ती स्कूटर सूनबाईंची आहे."

मी मुकाट्याने प्रदक्षिणा अर्धी सोडून स्कूटर सरळ करून आले.

उन्हं तापायला लागली. धुळ्याचं ऊन म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. नाना भर उन्हात पायरीखाली, बोडके. आबांनी आतून अर्ज केला, "मारुतीराया, या गृहस्थांना सांगावे, उन्हात डोक्यावर काहीतरी घालून उभे राहावे. चक्कर आली तर दवाखान्यात आम्हालाच न्यावे लागेल."

दुसऱ्या दिवशी नानांच्या डोक्यावर पांढरी टोपी! आणि आबा दिसताच खुलासा, "मारुतीराया, टोपी तू सांगं म्हनीसन घाली. दुसरा कोनाकरता नही!"

* * *

नाना सतत बाहेर उभे, त्यामुळे एक नवीच सोय झाली. कुरिअरवाले गल्लीतली पार्सलं त्यांच्याकडेच द्यायला लागले.

एका रविवारी निखिलचे ऑनलाइन मागवलेले बूट आले. त्याला दम कुठला! पायरीवरच खोका फोडला, बूट घालून पाहिले, जुन्यांशेजारी नवे ठेवले आणि आत दर्शनाला गेला. नाना तेवढ्यात पाणी प्यायला घरी गेले होते. निखिल बाहेर येतो तर एक जोडी गायब.

जुनी!

नवे कोरे बूट तसेच. निखिल कधी बुटांकडे बघतोय, कधी मारुतीकडे. नाना परत आले, सगळं ऐकून घेतलं, आणि जाळीतून आत बघत म्हणाले, "आते समजनं समई कोन लई गया. त्याले जुनंच आवडस!"

आत आबा स्तोत्र म्हणत होते. त्यांचे खांदे हलत होते. पण त्यांनी वळून काही पाहिलं नाही.

* * *

अक्का रोज वाती लावता लावता मारुतीला गल्लीच्या बातम्या देतात. मोठ्यांदा. कोणाच्या मुलीला बघायला आले, कोणाचा बोअर आटला, सगळं. मी केलेलं भरीत अळणी झालं, हे मारुतीला सासूबाईंच्या आधी कळलं होतं.

सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "तुला मला काही सांगायचा संकोच वाटला ना, तर मारुतीला सांगत जा. संध्याकाळपर्यंत मला पोचतं."

त्या गमतीने म्हणाल्या असतील. मी ते मनावर घेतलं.

मला माहेरची फार आठवण येत होती, पण विचारायचं कसं? एका सकाळी अक्का वाती वळत असताना मी मारुतीसमोर डोळे मिटून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा खणखणीत आवाजात म्हटलं, "देवा, जळगावला चार दिवस जाऊन यावंसं वाटतं रे!"

दुपारचं जेवणही झालं नव्हतं. सासूबाई ताटं घेताना म्हणाल्या, "शनिवारी निखिल सोडेल तुला. चार दिवस ना?"

लोक देवळात मन शांत करायला जातात म्हणे. जात असतील. आमच्याकडे कामंसुद्धा होतात!

* * *

आणि हा परवाचा.

माझ्या भावाचा साखरपुडा होता, जळगावलाच. शुक्रवारी रात्री आम्ही सगळे घरून निघालो. आबा बाहेरगावी जाताना देवळाची किल्ली अक्कांकडे देतात. पण त्या दिवशी दार बंद केलं, किल्ली नव्या कोटाच्या खिशात टाकली आणि तशीच गाडीत बसली ती आबांबरोबर.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये पाहुणे जमत होते. माझा फोन वाजला. नंबर अक्कांचा, आवाज नानांचा. पण बोलणं माझ्याशी नव्हतं.

"मारुतीराया, त्याले सांग, आठे तेलन्या वाट्या लिसन बठ्ठी गल्ली उभी शे, आन किल्लीना पत्ता नही!"

मी फोन स्पीकरवर टाकून आबांसमोर धरला. आबांनी खिशात हात घातला. किल्ली हाताला लागली तेव्हाचा त्यांचा चेहरा! शनिवार, तेल वाहायला सगळी गल्ली दारात, आणि मारुती कोंडलेला. तोही त्यांनी कोंडलेला.

त्यांनी घसा साफ केला. "मारुतीराया, या गृहस्थांना कळवावे, की किल्ली... किल्ली अनवधानाने..."

फोनमधून लोकांचा गलबला ऐकू येत होता. कोणाची तरी म्हातारी विचारत होती, "आज दर्शन नाही का हो?"

आबा एकदम ओरडले, "नाना! फोडी टाक!"

हॉलमधले पाहुणे वळले. पलीकडून नाना, अगदी हळू, "काय फोडू?"

"कुलूप रे बाबा! आखो काय!"

दगडाचे घाव आम्हाला जळगावात ऐकू आले. तिसऱ्या की चौथ्या घावाला जयजयकार झाला. सासूबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "जागेपणी बोलले बरं का!"

दुपारी परत निघालो. पारोळ्याला रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान दिसलं. निखिलने गाडी हळू केली. "आबा, कुलूप घ्यायचं का नवीन?"

आबा खिडकीतून बाहेर बघत होते. "चाल," म्हणाले.

देवपुरात पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आबा घरी न जाता तडक देवळात गेले. मागोमाग मी. जाळीचं दार सताड उघडं. अक्का आरतीचं ताट घेऊन येत होत्या. त्यांनी सांगितलं, सकाळपासून नाना आत बसून आहेत. कुलूप नाही तर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, म्हणून जेवायलासुद्धा घरी गेले नाहीत.

नाना आतच होते. मारुतीच्या पायाशी, भिंतीला पाठ टेकून, टोपी नाकावर आलेली. राखणदार घोरत होता!

आबा चपला काढून आत गेले आणि नानांच्या शेजारी फरशीवर बसले, नव्या कोटासकट.

अक्कांनी ताट टेकवलं आणि घंटेकडे हात नेला. आबा गुडघ्यावर हात रेटून झटकन उठले आणि घंटेचा लोलक मुठीत धरला.

"अरे, आरतीचा टाइम झाला!" अक्का कुजबुजल्या. "घंटा नाही वाजवली तर देव जागा होईल कसा?"

"देव जागाच शे, अक्का," आबा म्हणाले. "नाना झोपेल शे."