अर्धा आटा

फिटरमामांचं गॅरेज आणि मामींचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत हातभर झरोका होता. इकडून कांदा परतल्याचा वास तिकडे जायचा, तिकडून पेट्रोलचा वास इकडे यायचा. चाळीस वर्षं मामी त्यावरून कुरकुरत आल्या. पण झरोका बुजवायचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही.

काय दिवस होते ते! थंडीच्या सकाळी गॅरेजपुढे पाच-सहा मोटरसायकली उभ्या असत. चोक ओढून किका मारल्या जात आणि एकेक गाडी खोकत, खाकरत जागी होई. मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्यापुढे उकिडवे बसत, डोळे मिटत आणि कार्बोरेटरच्या हवेच्या स्क्रूचा आटा केसभर फिरवत. मग जात्यातून पीठ पडावं तसा तिचा आवाज एकसारखा पडू लागे. कोपऱ्यावर गाडी वळायच्या आत मामा मान वर न करता सांगत, "मास्तर आले. कुठूनतरी हवा ओढतेय त्यांची." आणि खरंच, मास्तर उतरायच्या आधी तेच गाऱ्हाणं सांगत.

पुढं कार्बोरेटर गेले आणि इंजेक्शनच्या गाड्या आल्या. बटण दाबलं की चालू. खोकणं नाही, खाकरणं नाही. त्यांचं दुखणं तार जोडून कॉम्प्युटरला विचारायचं. मामांच्या वाट्याला पंक्चर आणि चेन उरली. त्याच वर्षांत त्यांचा उजवा कान पुरता गेला आणि डाव्यात वारं शिरल्यासारखं भणभणू लागलं. हे त्यांनी मामींनाही कळू दिलं नाही. कान गेला म्हणून फिटरनं कुठल्या तोंडानं सांगावं?

अशात एक दिवस जनावरांची डॉक्टरीण गाडी ढकलत दारात आली. घामानं निथळत होती.

"मामा, तिसऱ्यांदा माळावर दगा दिला हिनं. तिकडे गाय अडलेली, आणि मी दगडावर बसून. कंपनीवाले म्हणतात, पार्ट यायला दोन महिने. हिला कार्बोरेटर बसवून द्या. बंद पडली तर उघडून फुंकर तरी मारता येईल."

"कंपनीवाले हसतील तुम्हाला."

"हसू देत. गाय नाही हसत."

मामांची छाती फुगली. "शनिवारी दहाला घेऊन जा," म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि मग कान आठवला. बसवणं हाताचं काम, ते जमेल. पण शेवटी आवाज लावायचा तो कशानं?

दोन दिवस मामा जेवायलाही हाकेसरशी उठले नाहीत. टाकीतला पंप काढला, भोकावर पत्रा बसवला, खाली पेट्रोल सोडायचा जुन्या पद्धतीचा कॉक लावला. पंपाच्या जोरापुढे कार्बोरेटरच्या पोटातली इवलीशी सुई टिकत नाही. त्याला उतारानं, आपल्या पायानं आलेलं पेट्रोल लागतं. ठिणगीही कॉम्प्युटरच्याच हातात होती. म्हणून त्याच इंजिनाच्या जुन्या मॉडेलचा मॅग्नेट आणि ठिणगीचा डबा शोधून आणला. कार्बोरेटर मात्र घरचाच होता, बिस्किटांच्या डब्यात फडक्यात गुंडाळून जपलेला.

शनिवारी नऊला गाडी पहिल्या किकला उठली. मामा उकिडवे बसले, डोळे मिटले, स्क्रू फिरवला. नुसती भणभण. टाकीवर तळहात ठेवून पाहिला. गाडी चालली होती एवढंच कळलं. बरी की वाईट, ते कळेना.

झरोक्यातून मामींचा आवाज आला. तो त्यांना दुसऱ्या हाकेला ऐकू गेला.

"अहो, अडखळतेय ती! ऐकू येत नाही का?"

मामांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग झरोक्याखाली जाऊन म्हणाले, "नाही येत."

मामी ओल्या हातांनी बाहेर आल्या आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. "वर्षभर ठाऊक आहे मला. दार बडवलं तरी ढिम्म हलत नाही तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते. बसा आता. आणि मी आत जाते. मला समोरून नाही कळायचं, चाळीस वर्षं भिंतीआडूनच ऐकत आलेय."

मग झरोक्यातून हुकूम सुटू लागले, तेही ओरडून. "फिरवा… अजून… अहो, पुढं गेलात! अर्धा आटा मागं. किंचित… हां. हात काढा!"

मामांनी हात काढला. आत मामी गप्प होत्या. चाळीस वर्षांत गाडी चालू असताना त्या गप्प राहिल्याचं त्यांना आठवेना.

दहाला डॉक्टरीण आली. माळापर्यंत चक्कर मारून परतली, उतरली आणि मामांच्या उजव्या अंगाला उभी राहून हसत काहीतरी बोलू लागली. ओठ हलताना दिसत होते. एरवी मामांनी नुसती मान डोलावली असती.

"बाई, या बाजूला येऊन बोला," ते म्हणाले. "तो कान गेलाय माझा. आणि आवाज आमच्या हिनं लावलाय, तेव्हा काय ते तिलाही ऐकू जाईल असं बोला."