टाकेबाईंचा नंबर

आमच्या पोलीस ठाण्यातल्या बायकांच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दाराला पाठ लावून उभं राहायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची व्यवस्था. कडीसाठी अर्ज दिले, तोंडी सांगितलं, शेवटी सांगायचंही सोडून दिलं. मग एके सकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला, की पोलीस दलातल्या महिलांच्या कामगिरीचा यंदापासून भव्य सोहळ्यात गौरव होणार आहे. टाकेबाईंनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "कडी नाही तर नाही, पितळ तरी मिळेल कुणाला तरी." ते पितळ त्यांच्याच पदरात पडणार होतं.

टाकेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. नवरा-बायकोचं भांडण ठाण्यात आलं की आमचे ठाणेदार खुर्चीतून न उठता ओरडायचे, "बाईंकडे न्या, घालतील दोन टाके!" तेवढ्यावरून नाव पडलं आणि चिकटलं. त्यांची खोली जिन्याखाली. आमची दोन टेबलं, एक बाक, आणि उरलेल्या जागेत चोरीच्या सापडलेल्या सायकली. रडत आलेल्या बाईला आधी एखादी सायकल बाजूला सारून बसायला जागा करून द्यावी लागायची.

त्यांचा बाप पिठाच्या गिरणीवर कामाला होता. लहानपणी पोती उचलून उचलून अंगात अशी ताकद आली, की भरतीच्या वेळी भावाचे बूट पुढे चिंध्या कोंबून घातले, तरी पळण्यात पहिल्या आल्या. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. राहिल्या दोघी, त्या आणि सासू, दोन खोल्यांत एकमेकींवर करवादत. फोन वाजला की टाकेबाई डोक्याला साबण असला तरी बाहेर यायच्या. सासू म्हणायची, "त्या फोनशीच लग्न लाव एकदाचं. निदान तो बोलतो तरी."

तो फोन हीच त्यांची खरी नोकरी होती, बाकी सगळं नाटक. कागदोपत्री त्या तक्रारी 'सामोपचारानं मिटवायच्या'. मिटवणं म्हणजे काय ते मी सांगते, कारण माझं टेबल त्यांच्या समोरच होतं. आधारगृहात जागा नसायची. माहेरचे हात वर करायचे. ठाणेदारांना गुन्हा नोंदवायचा नसायचा, कारण नोंदवला की आकडा वाढतो, आणि आकडा वाढला की वरून विचारणा होते. तेव्हा बाई पुन्हा त्याच घरी जायची. याला आमच्याकडे मिटलं म्हणतात. टाकेबाई नवऱ्याला सडकून बोलायच्या, तो मान खाली घालून सही करायचा, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याची मान पुन्हा ताठ झालेली असायची. हे टाकेबाईंना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून परत पाठवण्याआधी त्या प्रत्येकीकडून आपला नंबर पाठ करून घ्यायच्या. चिठ्ठी द्यायची नाही, चिठ्ठी सापडते. फोनमध्ये ठेवायचा नाही, फोन नवरा तपासतो. पाढ्यासारखा पाठच हवा. "म्हण. परत म्हण. आता न थांबता म्हण." सायकलींच्या मधोमध बसून, सुजल्या ओठांनी, चांगल्या थोराड बायका शाळेतल्या पोरींसारखे आकडे घोकत बसायच्या. मधेच एखादीला हसूही यायचं.

आणखी दोन नियम होते. घर सोडायची वेळ आलीच, तर पिशवी भरायची नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी निघायचं. भरलेली पिशवी बघून नवरा जेवढा पिसाळतो तेवढा कशानंच पिसाळत नाही. आणि दुसरा नियम आमच्यासाठी. त्या फोनला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा एका हवालदारानं सहज उचलला होता. पलीकडे नवऱ्यानं बायकोच्या हातातून फोन हिसकावला, पुरुषाचा आवाज ऐकला, आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून टाकेबाईंनी कानाला खडा लावला.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी एक बाई आली. लॉन्ड्रीत कपड्यांच्या घड्या घालायचं काम करायची. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. बाई बाकावर बसली आणि म्हणाली, "मला आता परत पाठवू नका."

टाकेबाईंनी तिचे केस बाजूला करून डोक्यावरची खोक पाहिली. आधारगृहाला फोन लावला. उद्या संध्याकाळी एक खाट रिकामी होणार होती. "मग आजची रात्र मी इथंच झोपते, ह्या बाकावर," बाई म्हणाली. टाकेबाई वर ठाणेदारांकडे विचारायला गेल्या, मीही गेले. ठाणेदार आरशासमोर टोपी बसवून बघत होते.

"अहो, उद्या सकाळी वरचे लोक तुमचे फोटो काढायला ठाण्यात येणार," ते म्हणाले. "जिन्याखाली बाई झोपलेली दिसली तर काय सांगू त्यांना? एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मिटवा ना तुमच्या पद्धतीनं."

स्वतःच्या घरी न्यायची सोय नव्हती. पूर्वी एकीला नेलं होतं, तर तिच्या नवऱ्यानं टाकेबाईंवरच पळवून नेल्याची तक्रार केली आणि चौकशी लागली. त्या खाली आल्या, बाईसमोर बसल्या.

"हे बघ, उद्या दुपारपर्यंत माझा कार्यक्रम संपेल. संपला की मी स्वतः जीप घेऊन तुझ्या दारात येते. नवरा कामावर असेल. तुम्ही दोघी तयार राहा. पिशवी भरून ठेव, म्हणजे वेळ जायचा नाही."

मी मान वर करून पाहिलं. स्वतःचाच नियम त्यांच्या लक्षात राहिला नव्हता. डोक्यात रंगीत तालीम, गणवेशाची खळ आणि जीपचा चालक एवढंच फिरत होतं. मी बोलायला तोंड उघडलं तोवर वरून हाक आली, आणि परत आले तेव्हा नंबराची घोकंपट्टी सुरू झाली होती. बाई मधेच अडखळली. मुलीनं पुढचे आकडे धडाधड सांगून टाकले. टाकेबाई तिचा गाल ओढून म्हणाल्या, "हुशार आहेस गं! आई विसरली तर तू सांग हं."

हुकूम असा होता, की शहरातल्या सगळ्या ठाण्यांतल्या सगळ्या महिलांनी कडक गणवेशात सभागृहात हजर राहावं. खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत. महिला पोलिसांचा गौरव करायचा म्हणून त्या दिवशी कुठल्याच ठाण्यात औषधालाही बाई उरली नाही. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. माझ्या आलं होतं. पण आमच्या खात्यात डोक्यात आलेलं डोक्यातच ठेवायची पद्धत आहे.

दारावर एक माणूस प्रत्येकीचा फोन घेऊन बिल्ला देत होता. मानाच्या पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी. टाकेबाई म्हणाल्या, "साहेब, हा फोन माझ्यापासून लांब ठेवता येत नाही."

"आज तर तुमचाच दिवस आहे मॅडम. आज कसले फोन घेता?"

"मी थांबते बाहेर, फोन घेऊन," मी म्हटलं. बायका निदान बाईचा आवाज तरी ऐकतील. तो माणूस हसला. "तुमचीही खुर्ची मोजलेली आहे." मागे रांग खोळंबली होती. टाकेबाईंनी फोन दिला. बिल्ला मुठीत घट्ट धरून त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

पाहुण्यांना उशीर झाला. मोठ्या माणसांना उशीर होतोच, त्याशिवाय ती मोठी कशी दिसणार. टाकेबाई दर थोड्या वेळानं मागे वळून दाराकडे बघत होत्या. एकदा उठल्याही. हातात यादी घेतलेल्या एका मुलीनं त्यांना खांद्याला धरून परत बसवलं. "पाहुणे फाटकापाशी आलेत, आता दार उघडता येणार नाही." पाहुणे फाटकापाशी आणखी बराच वेळ होते.

मग एकदाचं सुरू झालं. भाषणांत आम्हाला वाघीण म्हणाले, रणरागिणी म्हणाले. कडीबद्दल कुणी काही बोललं नाही. टाकेबाईंचं नाव पुकारण्याआधी पडद्यावर त्यांची छोटी फिल्म दाखवली. सायकली हलवून, भिंतीला रंग देऊन, टेबलावर फुलदाणी ठेवून ती आमच्याच खोलीत काढली होती. पडद्यावरच्या टाकेबाई फोन वर धरून म्हणाल्या, "माझा फोन कधीही बंद नसतो." सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. खऱ्या टाकेबाई मात्र डाव्या मुठीतला बिल्ला चोळत बसल्या होत्या. निवेदिकेनं वाचलं की वर्षभरात सर्वाधिक संसार त्यांनी पुन्हा जोडले. त्या मंचावर गेल्या, वाकल्या, पितळी ढाल घेतली, आणि पाहुण्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. नंतर मी विचारलं काय बोललात. "म्हटलं, मला जाऊ द्या. ते म्हणाले, जरूर, फोटो झाला की."

फोटो झाला, मग सगळ्या विजेत्यांचा एकत्र झाला, मग वर्तमानपत्रवाल्यांसाठी आणखी एक झाला.

फोन हातात आला तेव्हा त्यावर एकाच अनोळखी नंबरावरून पुन्हा पुन्हा आलेले, न उचललेले फोन होते. टाकेबाईंनी तिथंच लावला. पलीकडे एक पुरुष बोलला. लॉन्ड्रीवालीच्या खोलीशेजारचा इस्त्रीवाला होता. टाकेबाईंनी ऐकलं, ढाल माझ्या हातात दिली आणि जीपकडे पळाल्या. भरतीच्या वेळी पळाल्या असतील तशा; मी तरी त्यांना असं पळताना कधी पाहिलं नव्हतं.

नवरा मधल्या सुट्टीत जेवायला घरी आला होता. दाराशी भरलेली पिशवी होती.

मुलगी शेजारी पळाली. इस्त्रीवाल्यानं तिनं सांगितलेला नंबर लावला, लावतच राहिला. मग ठाण्यात फोन केला. ड्युटीवरच्या हवालदारानं विचारलं, "बायकोला मारतोय ना? मग बाई पोलीस पाहिजे. सगळ्या कार्यक्रमाला गेल्यात. संपला की पाठवतो." इस्त्रीवाल्यानं शेवटी गल्लीतले चार लोक गोळा करून दार फोडलं, पण तोवर नवऱ्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटून आपटून सगळं संपवलं होतं.

बाईच्या प्रेताचा पंचनामा करायला बाई लागते. तो टाकेबाईंनी केला, त्याच खळीच्या गणवेशात, छातीवर फूल तसंच टोचलेलं. मी लिहून घेत होते. त्या नीट, एकेक जखम सांगत होत्या, आवाज जरासुद्धा हलत नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. पिशवीत मुलीचे दोन फ्रॉक होते, कंगवा होता, शाळेची पाटी होती.

बाहेर इस्त्रीच्या टेबलाखाली, कपड्यांच्या गाठोड्याला टेकून मुलगी बसली होती. टाकेबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मुलगी घाईघाईनं म्हणाली, "मी चुकले नव्हते. म्हणून दाखवू?"

आणि तिनं म्हटला. सगळा, न थांबता.

"बरोबर आहे," टाकेबाई म्हणाल्या.

"मग?"

टाकेबाई तिथून उठेनात. शेवटी मीच मुलीच्या मामाला फोन करून बोलावून घेतलं. मामा आला, मुलीला घेऊन गेला. जाताना ती वळून वळून बघत होती, उत्तर अजून यायचं असल्यासारखी.

चौकशी झाली. हवालदाराची दुसऱ्या ठाण्यात बदली झाली. ठाणेदार म्हणाले, नशिबापुढे कुणाचं काही चालत नाही. टाकेबाईंनी जबाबात स्वतःहून सांगितलं, की पिशवी भरायला मीच सांगितलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी ते वाक्य घेतलं नाही. "पुरस्कारप्राप्त कर्मचारी आहात तुम्ही," ते म्हणाले, "खात्याची लाज जाईल." ढाल ठाणेदारांच्या काचेच्या कपाटात लागली. सासूनं एकदाच विचारलं, "ते बक्षीस घरी का नाही आणलं?" आणि सुनेचा चेहरा बघून तिनं ताटावर झाकण ठेवलं. त्या घरातलं करवादणंसुद्धा त्यानंतर थांबलं.

मला वाटलं होतं त्या नोकरी सोडतील. त्या रोज येत राहिल्या. सोडून जायचं तरी कुठं, हा प्रश्न त्यांच्याकडे आलेल्या बायकांचाच होता, आता त्यांचाही झाला. बायका यायच्या, बाकावर बसायच्या, परत जायच्या. टाकेबाई नंबर पाठ करा म्हणायच्या, तेव्हा बायका मान डोलवायच्या आणि एक-दोनदा म्हणून उठायच्या. लॉन्ड्रीतल्या एकीनं मला फाटकापाशी सांगितलं, "आमच्याकडे कुणी पाठ करत नाही आता तो. त्या नंबरावर कुणी येत नाही."

पुढच्या वर्षी पुन्हा कागद लागला. बैल गेला आणि झोपा केला, तसा त्यात नवा नियम होता, की प्रत्येक ठाण्यात एक महिला मागे थांबेल. टाकेबाई म्हणाल्या, "मी थांबते." मी खुर्ची भरायला गेले. परत आले तेव्हा त्या जिन्याखाली बसल्या होत्या, टेबलावर मधोमध फोन.

"आला का कुणाचा?" मी विचारलं.

"दिवसभरात एकही नाही. बिघडला की काय बघ गं जरा."

तो बिघडलेला नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी मी दारातच उभी राहून माझ्या फोनवरून लावला. मी त्यांना दिसत होते, हातभर अंतरावर. पहिली घंटा पुरती वाजलीही नाही, त्यांनी झडप घालून उचलला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "बोल बाई, मी आहे. मी येते."

मी माझा फोन बंद केला. त्या मात्र आपला फोन कानाला लावून तशाच बसल्या होत्या.