ओढा परत आणणारे सिद्रामप्पा

मैंदर्गीहून आलेल्या कार्डावर दोनच ओळी होत्या. ‘सिद्रामप्पा सोमवारी सकाळी लिंगैक्य झाले. फार त्रास झाला नाही.’ वाचता वाचता माझ्या तोंडून ‘सुटले बिचारे’ एवढंच निघालं, आणि मग त्या शब्दाची मलाच लाज वाटली. पण त्यात खोटं काही नव्हतं. दीड वर्ष दम्यानं त्यांना धड झोपू दिलं नव्हतं. गेल्या खेपेस भेटलो तेव्हा पाठीशी दोन उशा लावून बसले होते. एकेका शब्दासाठी थांबत होते. तरीही मला पाहून पहिला प्रश्न केला, “वढा बरा हाय न्हवं?” ...आठ वर्षं झाली होती त्या कामाला.

आमची ओळख सोलापुराबाहेरच्या एका दगडाच्या खाणीवर झाली. मी तिथं ओव्हरसियर होतो, ते मातीकामाचे मुकादम. पन्नाशीकडे झुकलेले, ठेंगणे, कपाळावर विभूती. मजुरांशी कानडीत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि घाई करणाऱ्या कुणालाही “निधान, निधान” म्हणत. सावकाश, असा त्याचा अर्थ. माझ्या वाट्याला तो शब्द सगळ्यात जास्त आला.

खाणीतला दगड संपला होता. खड्डा बुजवून जमीन कोंडाबाईला परत द्यायची होती. ती विधवा बाई, दोन मुली पदरात. खाण सुरू करताना तिच्या शेतातून जाणारा ओढा चर खणून बाजूनं फिरवला होता. त्यामुळे तिच्या विहिरीचं पाणी तुटलं, चैत्रात तळ दिसू लागला. मुली अर्ध्या कोसावरून पाणी आणत. खड्डा भरून झाला त्या उन्हाळ्यात तिचं एकच मागणं होतं, आमचा ओढा आमच्या जागी आणा. ठेकेदारालाही काम उरकायचं होतं. मीही म्हटलं, आणू या. ओढा लगेच सोडायला हरकत नाही, असं मी लिहूनही दिलं. आडवे आले ते एकटे सिद्रामप्पा.

“भराव ताजा हाय, सायेब. अजून बसायचा हाय. दोन पावसाळे त्याच्यावरून वढा न्यायचा न्हाय.”

कोंडाबाई खाणीवर येऊन ताडताड बोलली. “अप्पा, तुमाला काय? पानी माज्या पोरी वाहत्यात. तुमी ठेकेदाराची मानसं, व्हय की न्हाय?” ते “आक्का, दोन सालं,” एवढंच म्हणाले. मला राग आला. सगळे तयार असताना हा माणूस कशाला अडून बसलाय? मी तसं तोंडावर बोललो. तेव्हा त्यांनी मला भरावावर नेलं, एका दगडावर बसवलं, आणि जे सांगितलं ते पुन्हा कधी उच्चारलं नाही.

तरुणपणी ते चांद्याकडे कोळशाच्या खाणीत होते. तिथंही असाच एक जुना खड्डा बुजवला होता, नाला बाजूनं फिरवला होता. पावसाच्या तोंडावर साहेबानं विचारलं, भराव बसला का? नाला जुन्या जागी सोडू का? “मी व्हय म्हनलो. घरला यायची घाई हुती.” पहिल्याच मोठ्या पावसात भराव खचला. पाणी आत घुसलं आणि खालच्या बोगद्यात उतरलं. दोघे जण वर आले नाहीत. एक त्यांच्या शेजारच्या झोपडीतला होता... “त्याची बायको मला काय बी बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं.”

मी माझा कागद परत घेतला. ठेकेदार चिडला, पण दोन वर्षं थांबायचं त्यानं कबूल केलं. सिद्रामप्पांनी भराव मधे उंच आणि कडेला उतरता केला, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर साचू नये. भोवतीनं चर काढले, फिरवलेल्या ओढ्याचे काठ दगडांनी बांधून घेतले. आणि कुणी सांगितलं नसताना, रोज सकाळी आमच्या बैलगाडीतून पाण्याची दोन पिंपं कोंडाबाईच्या दारी पाठवू लागले. ती पाणी घ्यायची, बोलायची नाही.

दुसऱ्या वर्षी हस्ताचा पाऊस तीन दिवस कोसळला. तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की फिरवलेल्या ओढ्याचा काठ पाझरतोय, फुटला तर पाणी भरावावर येईल. आम्ही पोचलो तर कोंडाबाई आधीच तिथं, कमरेइतक्या पाण्यात, मातीची पोती काठाला दाबत होती. सिद्रामप्पा तिच्या शेजारी उतरले. गावची दहा-बारा माणसं आली. कडबा, चिकणमाती, दगड, हाताला येईल ते लावलं. तासाभरानं पाझर थांबला. काठ टिकला.

मग पाऊस उघडला आणि आम्ही वर भरावाकडे पाहिलं. ऐन मधे माणूस उभा मावेल एवढा खळगा पडला होता. जुना ओढा नेमका तिथूनच जायचा. खाली शंभर पावलांवर कोंडाबाईचं घर. ती खळग्याकडून घराकडे पाहू लागली.

“अप्पा, वढा हितनं आला असता तर... पोरी घरात हुत्या.”

सिद्रामप्पा तिच्याकडे पाहत होते की आणखी कुठे, मला कळलं नाही. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. “ह्या बारीला न्हाय म्हनलो की, आक्का,” ते म्हणाले. “ह्या बारीला न्हाय म्हनलो.” छातीवरचा धोंडा उतरलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला.

पुढच्या उन्हाळ्यात खळगा भरला, म्हशी फिरवून चिकणमाती तुडवली, तिच्यावर दगड बसवले आणि ओढ्याला जुनी वाट करून दिली. मृगात जुन्या वाटेच्या तोंडावरचा बांध फोडायची वेळ आली तेव्हा सिद्रामप्पांनी फावडं कोंडाबाईच्या हाती दिलं. पाणी आलं ते गढूळ, अडखळत, जणू वाट विचारत. दिवाळीपर्यंत तिच्या विहिरीच्या चार पायऱ्या बुडाल्या होत्या.

कार्ड आल्यानंतर मी मैंदर्गीला गेलो. त्यांच्या पत्नी गंगव्वावहिनी शांत होत्या. “रात रात बसून काढायचे. आता निवांत झाले,” म्हणाल्या. हात धुवायला परसात गेलो. मोरीचं पाणी दगडी पन्हळीतून वळण घेत शेवग्याच्या बुडाशी जात होतं, आणि मधे गाळ खाली बसावा म्हणून वीतभर खड्डा केलेला होता. इतका नीट, की पाहत उभा राहिलो. वहिनी मागून आल्या, खाली बसल्या, हातानं खड्ड्यातला गाळ उपसून बाजूला टाकला.

“रोज सकाळी हे केल्याबिगर चहा घेत नव्हते,” त्या म्हणाल्या. “आता मी घेत न्हाय.”