अक्कांची परदेशी भुतं

अक्कांना घाबरवू शकेल असं एकही भूत धुळे शहरात शिल्लक उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी ती परदेशातून मागवायला सुरुवात केली, असं माझं आजही ठाम मत आहे. मागवली तीही साधीसुधी नाहीत, थेट कोरियातून. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोरिया नावाचा देश नकाशावर नेमका कुठे आहे, हे आमच्या अख्ख्या कचेरीत छातीठोकपणे सांगणारा माणूस सापडला नसता. पण आमच्या घरमालकीण अक्का, सोनगीरचं माहेर, धुळ्याचं सासर आणि शाळा चौथीपर्यंत, त्या मात्र तिथल्या घराघरात काय शिजतं आणि कोण कोणाशी बोलत नाही, हे शेजारच्या आळीतल्या बातम्या सांगाव्या तसं सांगत असत.

याचं मूळ त्यांच्या मुलात होतं. तो बोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा घरी यायचा आणि येताना बंदराबंदरांतून उचललेल्या वस्तू आणायचा. आईला एकटेपणात करमणूक हवी म्हणून त्याने व्हिडिओ आणला आणि कोरियाच्या कुठल्याशा बंदरावरच्या दुकानातून दहा-बारा कॅसेटी आणल्या. त्या कसल्या आहेत हे त्याने पाहिलं नसावं. वेष्टनावर एक कुटुंब जेवायला बसलेलं दिसलं, त्यावरून कौटुंबिक चित्रपट असणार असं त्या भल्या माणसाने ठरवलं. कौटुंबिक ते होतेच म्हणा. फक्त त्या कुटुंबातलं एखादं माणूस मेलेलं असे आणि एखाद्याला वेड लागत असे, एवढंच. पुढे अक्कांनी पत्र लिहून आणखी अशाच पाठव म्हणून कळवलं. मुलाला बरं वाटलं आणि पार्सलं येऊ लागली.

खेळ दुपारी दोनचा. उन्हाळ्यात धुळ्याची दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, कोपऱ्यात धडधडणारा कूलर, फरशीवर चटई आणि पोटात नुकतंच झालेलं जेवण. प्रेक्षक तिघेच. अक्का, समोरच्या कापड दुकानदारांच्या घरातल्या राजस्थानी भाभी आणि सुट्टीच्या दिवशी मी. त्या देशाच्या कॅसेटी आमच्या टीव्हीवर रंग धरत नसत. सगळं करडं दिसायचं. बर्फ करडा, भात करडा, रक्तही करडंच. वाळ्याचा वास घेत, अर्धवट डोळे मिटून मी ते पाहत असे. मध्येच डुलकी लागायची, डोळे उघडले की पडद्यावर कोणीतरी लांबच लांब ओसरीतून चालत असायचं, आणि मी किती वेळ झोपलो, की झोपलोच नाही, हे काही केल्या कळायचं नाही. भाभी तर निम्मा सिनेमा झोपेतच पाहायच्या आणि उरलेल्या अर्ध्यात सगळ्यांत जास्त घाबरायच्या.

भाषेचा एक शब्द कोणाला कळत नव्हता, आणि खाली कसली अक्षरं येत असलीच तर तीही त्यांचीच. पण अक्कांचं कुठेच अडलं नाही. पहिल्या पाच मिनिटांत त्या घरातली नाती लावून टाकत. ही सासू, ही धाकटी जाऊ, हा मुका बसलेला बाप, आणि ती कोपऱ्यातली म्हातारी सगळं जाणून आहे पण सांगणार नाही. कसं ओळखलं म्हणून आम्ही विचारलं, तर म्हणत, कोण कोणाच्या पुढे वाटी सरकवतं आणि कोण सरकवत नाही ते बघा. त्या देशात जेवणाच्या बैठ्या टेबलावर पंधरा-वीस लहान वाट्या मांडलेल्या असत. अक्कांचं सगळं लक्ष त्या वाट्यांवर. एकदा एका सुनेने सगळ्यांना वाढलं आणि नवऱ्याच्या पुढची वाटी रिकामी ठेवली. अक्कांनी मांडीवर हात मारून जाहीर केलं, की याचा मुडदा पडणार. पाऊण तासाने तो पडला. त्या दिवसापासून भाभी त्यांच्यासमोर वाढताना फार जपून वाढू लागल्या.

भुतांशी त्यांचं वागणं पाहुण्यांशी असावं तसं होतं. केस सोडून एखादी जिन्यात उभी राहिली, की आम्ही चटई घट्ट धरायचो. अक्का मात्र तिला, बाई, कपाळ तरी दिसू दे, केस बांध, असं समजावत. कपाटातून हात बाहेर आला तर त्यांना आधी कपाटातल्या घड्या विस्कटल्याचं वाईट वाटायचं. हिंदी भुतांचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. ओसाड हवेली, कडाडणारी वीज, गावभर दिसेल त्याला मारत सुटलेला राक्षस. याला ना नातं ना गोतं, मग हा मारतो कशासाठी, हा त्यांचा प्रश्न असे. एकदा मी विचारलंच, की अक्का, या कोरियन भुतांत तुम्हाला एवढं काय आवडतं? त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या,

"भाऊ, भूत भाहेरथीन नही येत. ते घरमाच ऱ्हास, आपलाच ताटमा जेवस."

पुढे आयुष्यात मी या सिनेमांवर विद्वानांनी लिहिलेलं थोडंफार वाचलं. भूत घरातच राहतं आणि आपल्याच ताटात जेवतं, यापेक्षा जास्त कोणी काही सांगितलं नाही.

एका वर्षी चैत्रात एक कॅसेट आली. तीत एक आई वर्षातल्या ठरावीक दिवशी मेलेल्या माणसांसाठी ताटं मांडते. फळांचे ढीग, भात, धूप, पुढे सगळे वाकून नमस्कार करतात. त्यातलं एक ताट तरण्या मुलीचं. आणि तीच मुलगी, ओले केस, पांढरे कपडे, अंगणात उभी राहून दारातून ते ताट पाहत असते. घरातलं कोणीच तिच्याकडे बघत नाही. मी म्हटलं, हे तिचं भूत आहे. भाभींनी झोपेतूनच मान हलवून दुजोरा दिला. अक्का टीव्हीच्या जवळ सरकल्या. मग म्हणाल्या,

"ती मरेल नही शे, भाऊ. घरना लोके तिले मरेल समजतस."

ती मेलेली नाही, हे मला पटेना. मी हसत हसत वाद घातला. पाय दिसत नाहीत, ती कोणाला दिसत नाही, बोलत नाही, आणखी काय पुरावा हवा? अक्कांनी कॅसेट मागे नेऊन तोच प्रसंग लावला. मग पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं. काचेवरच्या त्या मुलीवर त्यांनी हात ठेवला होता, आणि माझं हसणं तिथेच विरलं.

आमच्या खानदेशात आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, एक विचित्र मेळ आहे. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवतात आणि त्यांच्या वाटचं जेवण कोणालातरी बोलावून वाढतात. आणि त्याच दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. एकाच दिवशी मेलेल्यांनाही बोलावायचं आणि लेकींनाही. अक्कांना एक मुलगी होती. कॉलेजात असताना तिने परजातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि जळगावला संसार मांडला. अक्कांच्या यजमानांनी त्या वर्षीच्या आखाजीला तिच्या नावाने घागर भरली. जिवंत पोरीच्या नावाने. हे मला भाभींनी त्या संध्याकाळी सांगितलं. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, तरी अक्का दर आखाजीला दोन घागरी भरत होत्या. एक त्यांची आणि एक तिची. नवऱ्याने घातलेली रीत मोडायची कशी, हे त्यांना सुचलं नव्हतं.

मी जळगावचा. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी एसटीने घरी जायचो. त्या शनिवारी अक्कांनी मला थांबवलं आणि मुलीला आखाजीचं बोलावणं करून ये म्हणाल्या. लेकीला आणायला भाऊ जातो, पण भाऊ समुद्रावर, म्हणून मी मुराळी. पत्ता त्यांना तोंडपाठ होता. त्यावर एकही पत्र कधी गेलं नव्हतं.

मुलगी शाळेत शिक्षिका होती. चेहरा अक्कांचाच, फक्त चष्मा नाही. तिने चहा दिला, शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आई अजून घागर भरते का माझी?" मला खोटं बोलता आलं नाही. तेव्हा ती म्हणाली, की आईला सांगा, आधी मला त्या मेलेल्यांच्या रांगेतून उठव, मग बघू. ती रागावून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी परतीच्या गाडीत एरंडोलपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

निरोप सांगितला. अक्कांनी त्या दुपारी कॅसेट लावली नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. आखाजीला पहाटेच उठल्या. खापरावर मांडे झाले, आमरस झाला, आणि देवघराजवळ एकच घागर मांडली गेली, यजमानांची. भाभींनी दुसरीचं विचारलं तर अक्कांनी ऐकू न आल्यासारखं केलं. घागरीचा पाहुणा जेवून गेला. मग अक्का पानं वाढूनही न जेवता दाराकडे तोंड करून बसल्या. जळगावची एक गाडी गेली, दुसरी गेली. दोन वाजले, तेव्हा मी नजर चुकवायला कूलरमध्ये पाणी भरायला गेलो.

परत आलो तर दारात कोणीतरी उभं होतं. बाहेरच्या उन्हामुळे चेहरा दिसत नव्हता. एसटीच्या वाऱ्याने केस सुटून तोंडावर आलेले, हातात पिशवी, आणि आत यायचं की नाही हे न कळून उंबऱ्याबाहेरच थबकलेली. डझनभर कोरियन भुतांना केस बांधायला सांगणाऱ्या आमच्या अक्का त्या दिवशी घाबरल्या. मी स्वतः पाहिलं. भाभींचं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं, की बांगडी पिचली. मग त्यांच्या तोंडून शब्द फुटला,

"जेवनी का?"

"नाही," ती म्हणाली.

माफी कोणी मागितली नाही, कोणी रडलंही नाही. आई वाढत गेली, मुलगी जेवत गेली. मी तिथे थांबणं बरं नव्हतं, म्हणून माझ्या खोलीत जाऊन पडलो. चारच्या सुमारास सवयीने नवी कॅसेट घेऊन आलो. वाळ्याचे पडदे ओले केलेले होते, खोलीत तो ओळखीचा हिरवट अंधार होता. अक्का चटईवर आपल्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या, पण टीव्हीकडे पाठ करून. समोर खाटेवर मुलगी दमून झोपली होती, आणि त्या एकटक तिच्या श्वासाकडे पाहत होत्या. माझ्या हातातली कॅसेट बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आज नको, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "मनी पोर झोपेल शे."